मधलं पेडल

युद्धाआधी स्वतः बांधलेल्या सगळ्या गाड्यांत माझ्या बापानं अ‍ॅक्सिलरेटर मधे ठेवला आणि ब्रेक उजवीकडे. माझा नवरा एर्मेस त्याच गाड्यांवर शिकला. नव्या लाल गाडीत मात्र बाबांनी ब्रेक मधे घातला, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे. "आता सगळं जग असंच चालवतं," म्हणाले. जगाचं सोडा, एर्मेसला विचारलंत का?

रविवारी शर्यत होती. त्याआधी गाडी बघायला आम्ही दोघं आबेतोनेच्या घाटात गेलो. मी शेजारी बसायचं ते गिअर ऐकायला. वर्कशॉपमध्येच वाढले, माझा कान फसत नाही.

चढताना एर्मेस शीळ घालत होता. उतार लागला, चार वळणं गेली आणि शीळ थांबली.

"काय झालं रे?"

"काही नाही. ब्रेक जरा मऊ लागतोय."

काही नाही म्हणे. जळका वास माझ्या घशात उतरला होता. पुढच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, पेडल थेट तळाला टेकलं आणि गाडी तशीच सुटली. कठड्यापलीकडे गावाची कौलं दिसली, नखाएवढी.

"गिअर उतरव," मी म्हटलं.

ब्रेक गेले की उतारावर इंजिनच गाडीला धरतं. पण आमच्या गाडीत खालचा गिअर नुसता ओढून बसत नाही. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरनं इंजिनाला एक झटका द्यायचा, वेग जुळला की परत क्लच दाबून खालचा घालायचा. एर्मेस हे झोपेतही करेल. त्यानं गिअर काढला, झटक्यासाठी पाय मारला. इंजिन हललंच नाही. गिअरचे दात करकरले, गिअर बसेना आणि गाडी मोकाट सुटली.

त्यानं पुन्हा पाय मारला. पुन्हा तीच करकर. मी खाली वाकून पाहिलं तर त्याचा बूट मधल्या पेडलवर.

"एर्मेस, तो ब्रेक आहे. उजवीकडचं दाब."

"दाबतोय ना." चेहरा पांढराफटक, आणि पाय मधेच.

आता आपण मरणार, हे मला स्वच्छ कळलं. थंडीत इंजिन तापवायला डॅशबोर्डवर अ‍ॅक्सिलरेटरची एक गुंडी असते, ती मी खेचली. इंजिन ओरडलं.

"पाय विसर. क्लच आणि दांडा तुझा, इंजिन माझं. मी म्हणेन तेव्हा घाल."

आवाज चढत गेला. मी डोळेच मिटले, बघून काय करायचं होतं.

"आता."

गिअर खट्कन बसला. गुंडी आत ढकलली तशी गाडीनं आम्हाला पुढे फेकलं. मग त्याच्याही खालचा गिअर, तसाच. शेवटी गाडी गवताच्या गंजीत घुसून थांबली.

संध्याकाळी बाबा गिअरबॉक्स उघडून बसले. "दात कुणी खाल्ले रे?"

"माझी चूक," एर्मेस म्हणाला.

"चूक तुमची आहे, बाबा," मी म्हटलं. "अ‍ॅक्सिलरेटर मधे घ्या, नाहीतर रविवारसाठी दुसरा जावई बघा."

बाबा हसले. मग त्यांची नजर एर्मेसच्या पायांकडे गेली. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा उजवा बूट डाव्याला लागून, मधल्या पेडलच्या जागी, फरशीवर दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. त्याला पत्ताच नव्हता.

बाबा पाना उचलून गाडीखाली शिरले.