शिवकन्येची राहिलेली सुई

उन्हातून चालायचं आणि पोटातली थंडी सांभाळायची, एवढंच मला जन्मापासून शिकवलेलं. मी लसी नेणारी निळी पेटी. कारखान्यात मला जाड भिंती मिळाल्या, वर पांढरं झाकण बसलं आणि खांद्याला अडकवायला पट्टा लागला. तिथून ट्रकनं मी औरंगाबादेत आले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. पुढं बिडकीनच्या बाजूच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मला आशाबाईंच्या ताब्यात दिलं.

आशाबाई तिथल्या नर्स. सकाळी माझ्यात बर्फाच्या थैल्या रचायच्या, मधे लसीच्या बाटल्या ठेवायच्या, झाकण दाबून दोनदा बघायच्या आणि निघायच्या. वाटेत लोकांना माझं भारी कुतूहल. कुणी थंड पाणी मागायचं. एका पाहुण्यानं तर "आत कुल्फी हाय का?" म्हणून विचारलं होतं. तान्ह्या लेकरांच्या आया मात्र मला बघताच पदर सावरून गप्प व्हायच्या. पोर रडणार हे त्यांना माहीत असायचं, तरी त्या येऊन बसायच्या.

मग शाळांमधून गोवर-रुबेलाची लस द्यायची मोठी मोहीम आली. पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना एक सुई. आम्ही गावच्या शाळेत पोचलो तेव्हा आठवीतली एक मुलगी पळत फाटकापाशी आली. "बाई, पेटी द्या ना. मी धरते." आणि चालता चालता तिनं विचारलं, "बर्फ वितळला तर औषध मरतं का?"

आशाबाई हसल्या. "मरत नाय गं, पण कामाचं राहत नाय."

ती शिवकन्या. गावातल्या काकासाहेबांची एकुलती लेक. तिनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. इतकं जपून मला कुणीच कधी नेलं नाही.

वर्गात रांग लागली. शिवकन्याही उभी राहिली. तेव्हा गुरुजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "हिला नको. हिचे वडील सकाळीच सांगून गेलेत. त्यांची परवानगी नाही."

मुलगी रांगेतून बाजूला झाली.

दुपारच्या सुट्टीत आशाबाई मला घेऊनच काकासाहेबांच्या घरी गेल्या. काकासाहेब ओसरीवर बसले होते. घरातून त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, पाणी आणून दिलं आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या.

"दादा, पोरगी रांगेत उभी होती," आशाबाई म्हणाल्या. "तिला का नाय म्हणता?"

काकासाहेबांनी मोबाईल पुढं केला. कुणीतरी पाठवलेला मेसेज त्यावर होता. ही सुई घेतली की मुलींना पुढं मूल होत नाही.

"खोटं हाय हे, दादा. माझ्या दोन्ही पोरींना दिलीय मी."

"तुमच्या पोरी लहान हायेत, बाई. त्यांचं काय व्हतंय ते कळायला लई वर्षं जातील." काकासाहेबांचा आवाज चढलेला नव्हता. उलट खाली गेला होता. "माझी थोरली बहीण, आवडाआक्का, तुम्ही पाहिली नाय. मूल नाय म्हणून सासरच्यांनी आणून सोडली. ह्याच ओसरीवर बसून राह्यची. लगीन-बारशाला कुणी बोलवायचं नाय तिला. बसून बसूनच गेली बिचारी. माझ्या शिवीवर ती येळ आली तर तुम्ही घेणार का जिम्मेदारी?"

"पोटात बाळ असताना हा रुबेला झाला, तर बाळाचे डोळे जातात, कान जातात. त्यासाठीच ही लस हाय, दादा."

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला झाला नाय."

दाराआडून सारजाबाई म्हणाल्या, "अहो, सगळ्यांच्याच पोरी घेऊ लागल्यात..."

"तू गप."

आशाबाई मला खांद्याला लावून उठल्या. "संध्याकाळपर्यंत शाळेत हाय मी. मनात आलं तर या."

एकदा फोडलेली लसीची बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. शेवटच्या बाटलीत थोडं औषध उरलं होतं. मुलं घरी गेली, गुरुजींनी खिडक्या लावल्या, तरी आशाबाई माझ्या शेजारी बसून फाटकाकडं बघत होत्या. शिवकन्या दप्तर घेऊन पायरीवर थांबली होती. लस घेतलेल्या मुलींच्या अंगठ्यावर शाईची खूण होती. शिवकन्येनं स्वतःच्या पेनानं तशीच खूण काढून घेतली होती, उगाच कुणी विचारू नये म्हणून.

काकासाहेब आले. त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर थांबली. ती त्यांनी बंद केली नाही. माझ्याकडं, आशाबाईंकडं बघत ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. आता उतरतील असं मला वाटलं. एक पाय त्यांनी खाली टेकवलाही होता. मग त्यांनी मान हलवली आणि लेकीला हाक मारली. ती मागं बसली. गाडी निघून गेली.

आशाबाईंनी उरलेलं औषध टाकून दिलं.

वर्षं गेली. माझ्या पट्ट्याची शिवण उसवली, आशाबाईंनी ती शहरातल्या गुलमंडी बाजारातून आणलेल्या जाड दोऱ्यानं शिवली. शहराचं नाव बदललं. शिवकन्या बारावी झाली आणि तिचं लग्न झालं, पैठणच्या पलीकडच्या गावात. पहिल्या दिवाळसणाला आली तेव्हा ती पोटुशी होती. काकासाहेबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. अंगणवाडीत येऊन आशाबाईंच्याही हातावर पेढा ठेवला. "बघा बाई," एवढंच म्हणाले. त्या शब्दांत टोमणा नव्हता, नुसता आनंद होता. आशाबाईंनीही तो गोड मानून खाल्ला.

शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दीड महिन्यानं ती बाळाला घेऊन अंगणवाडीत आली, तेव्हा मी खाली सतरंजीवर होते. आशाबाईंनी बाळाला उजेडाकडं धरलं आणि त्यांचा हात थांबला. बाळाच्या दोन्ही बुबुळांत पांढरं होतं. दुधाचा थेंब पडावा तसं.

"शिवे, तुला पहिल्या महिन्यांत ताप आला होता का? अंगावर काही उठलं होतं?"

"व्हय. लाल पुरळ आलं होतं. सासूबाई म्हणल्या उष्णता झाली. तीन दिवसांत गेलं पण. काय झालं, बाई?"

आशाबाई तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. काकासाहेबही बरोबर होते. मी गेले नाही, पण परत आल्यावर काकासाहेब उपकेंद्राच्या बाकावर येऊन बसले, ते मी पाहिलं. त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी रोगाचं जे नाव सांगितलं, ते शाळेतल्या सुईचंच ना?"

आशाबाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "व्हय, दादा."

काकासाहेब उठले. चप्पल तिथंच राहिली. अनवाणीच निघून गेले. सारजाबाई दुसऱ्या दिवशी येऊन चप्पल घेऊन गेल्या.

बाळाच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. इवल्याशा नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला. कान तपासायला बोलावलं होतं, पण डोळ्यांच्या खेपांतच घर दमून गेलं. सासरचे एकदा येऊन बघून गेले, परत आले नाहीत. शिवकन्या ओसरीवर बाळाला घेऊन बसू लागली.

बाळ नऊ महिन्यांचं झालं, तेव्हा गोवर-रुबेलाच्या लसीची वेळ आली. शिवकन्या आणि काकासाहेब दोघंही आले. अंगणवाडीत इतर बायाही होत्या. आशाबाईंनी माझं झाकण उघडलं, बाटली काढली. "देऊ ना?"

सवयीनं शिवकन्येनं वडिलांकडं पाहिलं.

"मला नको इचारू, बाई," काकासाहेब लेकीला म्हणाले. "तुझं लेकरू हाय. तू सांग."

"द्या," शिवकन्या म्हणाली.

सुई टोचली, बाळ कळवळून रडू लागलं. काकासाहेबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि गप्प करायला माझ्या झाकणावर बोटांनी ताल धरला. टकटक, टकटक. बायांच्या मांडीवरची सगळी पोरं वळून बघू लागली. हे एक वळलं नाही. त्यांनी जोरात वाजवलं. बाळाचं तोंड दुसरीकडंच. मग ते मुठीनं मारायला लागले. माझं झाकण तडकलं, तरी थांबेनात. शेवटी शिवकन्येनं त्यांची मूठ धरली.

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "तिला ऐकू येत नाय. मला ठाऊक झालंय कधीचं."

तडकलेल्या झाकणातून थंडी निसटते, म्हणून मी कामातून गेले. आता उपकेंद्राच्या कोपऱ्यात पडून आहे, आत जुनी फडकी आहेत. आशाबाई नव्या पेटीला घेऊन जातात. सकाळी त्यांची पावलं दूर जाताना ऐकते.

तुमच्याही दारात कधी अशी पेटी घेऊन कुणी येईल. भीती वाटली तर वाटू द्या. रागवा, भांडा, हवं तेवढं विचारा. पण गाडी चालूच ठेवून फाटकाबाहेरून परत जाऊ नका. खाली उतरा, आत या.

काकासाहेबांचा मला राग येत नाही. लेकीवर त्यांचा जीव नसता, तर हे सगळं सांगणं मला इतकं जड गेलं नसतं.