कुंकवाचं बोट

चैतालीला सॉरी म्हणायचं नव्हतं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावरून लोहाऱ्याच्या शाळेतला नववीचा वर्ग उभा दोन पार्ट्यांत फुटला होता.

झालं असं, की शाळेच्या संगणक खोलीत नवाकोरा मॉनिटर आला. पापडासारखा पातळ, काळाभोर, आणि त्याला एकसुद्धा बटण नाही! खालच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या खुणा, त्यांवर बोट टेकवलं की काम झालं. बलभीम सर तर त्याला तान्ह्या लेकरासारखं जपायचे. रोज सकाळी उदबत्ती ओवाळायची, त्याच कोपऱ्यात ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावायचं, आणि दुपारच्या तासाला चालू करायचा.

एका सकाळी मुख्याध्यापिका दैवशाला मॅडम बघायला आल्या, म्हणून सरांनी तो सकाळीच चालू केला. चैताली माऊस धरून बसलेली, सगळा वर्ग भोवती उभा, आणि नेमकं तेव्हाच त्या मॉनिटरच्या अंगात आलं. मेनू आपोआप उघडला, पडदा लखलखला, मग अंधारला, मग ठप्प.

"काय दाबलंस गं?" सर कडाडले.

"काईच न्हाय सर. माझा हात माऊसवर होता."

"मग काय भुतानं दाबलं व्हय? दुपारपर्यंत नीट झाला तर बरं. सोमवारी परिपाठाला सगळ्यांसमोर माफी मागायची. तोवर ह्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाय. जा आता, खेळाची खोली झाडून काढ."

मॉनिटर दुपारी आपला आपण नीट झाला. चैतालीवरची बंदी मात्र तशीच राहिली.

घरी आई, चांगुणा, भाकरी थापत म्हणाली, "म्हण की सॉरी. त्यानं काय अंगाला भोकं पडत्यात?"

"पडत्यात! म्या केलंच न्हाय तर कशाला म्हणू?"

"संगणक शिकायचाय का न्हाय तुला? आपल्या घरात हाय का एखादा?"

"शिकायचाय. सॉरी न म्हणता शिकायचाय."

"बापावर गेलीस," चांगुणा म्हणाली आणि भाकरी तव्यावर आपटली. पण तोंड फिरवून हसली, हे चैतालीनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळाची खोली. फाटकी जाळी, लेझमांचा ढीग, आणि त्यामागं पडलेले शाळेचे तीन जुने मॉनिटर. झाडायचंच आहे तर धड झाडू म्हणून चैतालीनं ओलं फडकं घेतलं. पहिला धान्याच्या पेटीएवढा, हनुवटीखाली दोन गोल खुंट्या. एक फिरवली की उजेड कमीजास्त, दुसरी फिरवली की काळंपांढरं गडद. म्हणजे ह्याचा कान पिळायचा! दुसऱ्याला पुढं छोटं झाकण, ते उघडलं की आत बटणांची रांग. ह्याच्या पोटात बोट खुपसायचं. तिसरा चपटा, बटणं खालच्या कडेला लपलेली, चाचपून दाबायची. ह्याला गुदगुल्या. एकेकाला हुकूम द्यायची तऱ्हा निराळी, आणि तिन्हींच्या उजव्या कोपऱ्यात मात्र एकच गोष्ट: वर्षानुवर्षांच्या कुंकवाची वाळून टणक झालेली खपली.

चैतालीचा हात फडक्यासकट तिथंच थांबला. कान पिळणारा पाहिजे, बटण दाबणारा पाहिजे, तेव्हा कुठं हे तिघं हलणार. कुंकू बिचारं कुठून पिळणार? पण नव्याला तर नुसतं शिवलं तरी पुरे!

"काय गं, भूत दिसलं का?" दारातून हर्षालीनं विचारलं. हर्षाली तिची बाकावरची मैत्रीण, आणि तिच्या पार्टीची म्होरकी.

"दिसलं," चैताली म्हणाली. "लाल हाय. ओलं असलं की नाचतंय, दुपारी वाळलं की झोपतंय."

सगळं ऐकून हर्षालीनं कपाळावर हात मारला. "अगं मग सरांना हळूच जाऊन सांग की!"

"हळूच? माफी सगळ्यांसमोर आणि खरं तेवढं हळूच? न्हाय जमायचं."

सोमवार उजाडला. प्रार्थना झाली, सुविचार झाला. बलभीम सरांनी माईक पुढं केला. "चैताली, ये."

चैताली आली. आवाज खणखणीत निघाला. "मी माफी मागणार न्हाय. चूक कुणाची हाय ते दाखवते. चला."

आणि ती थेट त्या बंदी घातलेल्या खोलीकडं चालू लागली! रांगा मोडल्या, पोरं खिडक्यांना लोंबकळली. सर "ए, ए!" करत धावले, पण दैवशाला मॅडम त्यांच्या आधीच आत पोचल्या होत्या. "बघू तरी सर, काय म्हणतीय."

सरांनी लावलेलं सकाळचं ओलं बोट चकाकत होतं. मॅडमनी मॉनिटर चालू केला आणि मेनू आपोआप उघडझाप करू लागला. चैतालीनं हात मागं बांधले. "बघा मॅडम. माझे हात इथं हायत." मग तिनं रुमालानं कुंकू पुसलं, कोरडं केलं. मेनू गेला. पडदा शांत. मग तिनं सरांच्याच कुंकवाच्या वाटीत पूजेतल्या झेंडूचा देठ बुडवला आणि एक थेंब त्या खुणेवर सोडला. टुण्णदिशी मेनू उघडला!

खिडक्यांतून एकच हलकल्लोळ उठला.

"जुन्याला पायलीभर कुंकू लावा सर, हूं का चूं करणार न्हाय. ह्याला मात्र कुंकू आन् बोट सारखंच वाटतं."

सर लालेलाल झाले होते. "म्हणजे आता पूजा बी करायची न्हाय व्हय आम्ही?"

"करा की. मी कुठं नको म्हणते? वर लावा, कपाळाला. हनुवटीला कुंकू कोण लावतं?"

आता मॅडमही हसल्या. "बरं, जा आता वर्गात."

चैताली हलली नाही. "मॅडम, बंदी उठली का? बंदी सगळ्यांसमोर घातली होती."

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांनी वाटीकडं, छताकडं बघितलं, आणि शेवटी घसा खाकरून, खिडकीतल्या पोरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तुझं काय चुकलं नव्हतं. बस."

चैतालीनं खुर्ची ओढली. सरांनी बोट वाटीत बुडवलं, ते नेहमीसारखं उजव्या कोपऱ्याकडं निघालं, मधेच थबकलं, आणि मुकाट वर, मॉनिटरच्या कपाळाला टेकलं.

"आता बरोबर," चैताली म्हणाली.