दीडपट शर्ट

भिंगरीने शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि शर्ट हवेत झटकला.

"आई, हा बघ! बाही दीडपट, गळा दीडपट, खिसासुद्धा दीडपट. सगळ्या बाजू एकाच प्रमाणात. समरूप! बाईंनी कालच शिकवलं."

शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना पोचवून दुकानात परतलेल्या आईने पिशवी खाली ठेवली.

"तुला फक्त मापाचा कागद कापायला सांगितला होता ना गं?"

"मग? अख्खा शर्टच झाला की!"

टेबलावर एक छोटा निळा शर्ट होता, शेजारच्या काकूंनी नमुन्यासाठी दिलेला, त्यांच्या मुलाचा. तो सहा वर्षांचा असताना बसस्थानकावरच्या गर्दीत हरवला. तेव्हापासून दर वर्षी काकू त्याच रंगाचं कापड आणून नवा शर्ट शिवून घेत. परत येईल तेव्हा अंगाला कपडा हवा, म्हणत. आता तो भिंगरीएवढा असता. या वर्षीचा शर्ट आपणच शिवायचा, असा भिंगरीने हट्टच धरला होता.

आईने नव्या शर्टाच्या गळ्यात मूठ घातली. मूठ आत सैल फिरली.

"सहा वर्षांच्या पोराला फुंकर मारून फुगवलंयस नुसतं. पोरं अशी वाढतात होय? हात लांबतात, पाय लांबतात, मान बिचारी मागे राहते."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. आईने उरलेल्या कापडात कसाबसा दुसरा शर्ट बसवला. अरुंद गळा, लांब बाह्या. वर्गातल्या कुठल्याही मुलाला फिट बसला असता. भिंगरीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर काकू आल्या. आईचा शर्ट त्यांनी उलटसुलट पाहिला.

"छान झालाय. माप कुणाचं घेतलंस?"

"त्याच्या वयाच्या मुलांचं, ताई. दर वर्षीसारखंच."

काकूंनी मान हलवली, घडी घातली. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. त्यांनी तो शर्ट टेबलावर पसरला आणि त्याच्यावर छोटा ठेवला. खांद्यावर खांदा, खिशावर खिसा.

"हा त्याचा," त्या म्हणाल्या.

"अहो, तो हिने बिघडवलाय. गळा बघा केवढा! अंगात राहायचा नाही."

"माहितीये गं मला." काकूंनी आईचा शर्ट हलकेच बाजूला सरकवला. "पण हा कुणीतरी मोठा मुलगा आहे. ह्याला मी ओळखू कशी?"

काकूंनी छोटा शर्ट आणि भिंगरीचा शर्ट एकात एक घडी घालून पिशवीत ठेवले.

"पुढच्या वर्षीही असाच शिव हं, बाळ. थोडा मोठा."

दार लागलं. एरवी भिंगरीने दुकानभर नाचून घेतलं असतं, 'बघ, माझाच नेला!' आज ती टेबलावरची कापडाची कात्रणं गोळा करत राहिली.

"इकडे ये," आई म्हणाली. गळ्यातली टेप तिने काढून हातात घेतली होती. "सरळ उभी राहा."

"गेल्या महिन्यातच तर माप घेतलं होतंस."

"मान वर."

टेप गळ्याभोवती फिरली.

"तेवढाच."

मग खांद्यापासून मनगटापर्यंत. आईने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"हात वाढलाय तुझा," ती म्हणाली, आणि टेप गुंडाळली तरी मनगट सोडलं नाही.