घंगाळाला घासू नका

मित्रांनो, माझ्यात वाकून पाहिलंत तर तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसणार नाही. पूर्वी लख्ख दिसायचा. मी चर्चमधलं जुनं, तांब्याचं घंगाळ. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि काठावर अक्षरं कोरली, 'प्रभूच्या सेवेसाठी'.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे सुरुवातीला मंडळीतले लोक माझ्यातल्या पाण्याने एकमेकांचे पाय धूत. पुढे कुणीतरी म्हणालं, "इतकं देखणं भांडं, त्यात पाय कसले बुडवता?" तेव्हापासून काचेचं कपाट हेच माझं घर झालं.

चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. रोज सकाळी त्या मला लिंबू-मिठाने घासत आणि घासता घासता प्रार्थना करीत, "प्रभू, मला तुझ्या उपयोगी पाड." हा नेम कधी चुकला नाही. याहून मोठी सेवा ती कोणती, असं मलाही वाटे.

एके दिवशी शेजारच्या शिंप्याची सून आली.

"आत्या, सासूबाईंनी अंथरूण धरलंय. पाठ लाल झालीय. अंग पुसायला मोठं भांडं द्याल? आणि त्यांना कुशीवर वळवायला जरा हात लावाल?"

"अगं, हे देवाचं भांडं. घरात कसं नेणार?"

"बरं. देवाचं अंग पुसून झालं की कळवा," म्हणून ती निघून गेली.

आत्यांनी मला आणखी जोरात घासलं. पण दुसऱ्या दिवशी 'उपयोगी पाड' म्हणताना त्यांची जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी तर प्रार्थना तिथेच थांबली. माझ्या बुडाशी त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांना तो पाहवेना. चौथ्या दिवशी त्यांनी मला कडेवर घेतलं आणि शिंप्याचं घर गाठलं.

तोवर पाठीची कातडी फाटून जखम झाली होती. सुनेने माझ्यात कोमट पाणी ओतलं.

त्यात फडकं बुडवून, पिळून आत्या पाठ पुसू लागल्या. हाताला सवय घासायचीच.

"हळू गं बाई," म्हातारी कण्हली, "मी काही तांब्याची नाही."

सून हसली. आत्यांचे डोळे भरले. "तीन दिवस उशीर केला मी," त्या म्हणाल्या.

"उद्या लवकर ये म्हणजे झालं," म्हातारी म्हणाली.

आत्या रोज जाऊ लागल्या. जखम हळूहळू भरत आली, पण व्रण राहिला. पुसताना त्यांचा हात अजून त्याच्यापाशी थबकतो.

आता मला दोन पोचे आले आहेत, अंगही काळवंडलं आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका आणि मला घासतही बसू नका. दारात कुणी उभं राहिलं, तर आधी मला कपाटातून काढा. प्रार्थना वाटेतही करता येते. आत्या तशीच करतात.