वाणाची हळद

लुटलेलं वाण परत मागणारी बाई रत्नागिरीत आजवर झाली नसेल, आणि झाली असती तर तिला कुणी दारात उभं केलं नसतं. दर्शनाला ते करायचं होतं, तेही एकदा नव्हे, एक्कावन्न वेळा.

सकाळी बचत गटाच्या ग्रुपवर सरकारी सूचनेचा फोटो आला होता. कळशीचं चित्र असलेल्या हळदीच्या एका बॅचमध्ये शिसं सापडलं आहे, वापरू नये, गरोदर बायका आणि लहान मुलांना विशेष धोका. दर्शनाने घरातल्या पाकिटावरचा नंबर तीनदा ताडून पाहिला. तोच होता. याच हळदीची पाकिटं तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटली होती. त्यातलंच एक फोडून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला, वेदिकाला, खोकल्यासाठी अकरा दिवस हळदीचं दूध पाजलं होतं. सातवा महिना. पोर वास येतो म्हणून तोंड फिरवायची, आणि ही समोर उभी राहून पेला रिकामा करून घ्यायची.

डॉक्टरांनी वेदिकाचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं आणि आठ दिवस थांबायला सांगितलं. आठ दिवस हातावर हात ठेवून बसणारी दर्शना नव्हे. तिने लेकीजवळ तिच्या वडलांना बसवलं, मोठी पिशवी घेतली आणि बाहेर पडली.

पहिल्या दोन-तीन घरांतच तिच्या लक्षात आलं की पाकीट कुणी जपून ठेवत नाही. फोडलं की हळद बरणीत, जुन्या हळदीवर, आणि कागद कचऱ्यात. आता त्यातली वाणाची कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग ती अख्खी बरणीच मागायची. बायका बरणी रिकामी करताना तिच्याकडे अशा बघायच्या, की विष हिनेच कालवलं. स्वस्तातली आणली असशील, असं एकीने तोंडावर सांगितलं. खोटं नव्हतं ते. कोपऱ्यावरच्या रावजीशेठने वाणासाठी खास म्हणून पाकिटांना लाल रिबन बांधून निम्म्या भावात दिली होती. एरवी दमडी न सोडणारा माणूस, आणि दर्शनाने कौतुकाने ते चारजणींना सांगितलंही होतं!

मिरकरवाड्यात हौसाकाकूने न फोडलेलं पाकीट पदराखाली धरलं.

"घोव बोटीवर गेलाय माझा," ती म्हणाली. "सवाशणीचं वाण परत नेतात काय गो?"

दर्शनाने शिसं म्हणजे काय ते समजावलं. काकू हलेना. शेवटी वेदिकाचं सांगितलं, तेव्हा काकूने पदराखालून पाकीट काढून दिलं आणि वाण नुसतं जाऊ नये म्हणून पिशवीत एक नारळ टाकला. त्या नारळाने दर्शनाला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

रावजीशेठचं घर दुकानाच्या मागेच. त्याची बायको गंगावहिनी हळदीकुंकवाला आली होती, म्हणजे तिच्याकडचंही पाकीट घ्यायला हवं. वहिनीने ते देव्हाऱ्यातून काढून आणलं, रिबनीसकट.

"मी कुठे वापरली ती? वाण म्हणून देवाजवळ ठेवली," वहिनी सहज म्हणाली. "हे संक्रांतीच्या आधीच बोलले होते, कळशीची हळद घरात वापरू नको, कंपनीने परत मागितलेय."

बोलून गेल्यावर वहिनीला कळलं आपण काय बोललो. तिने पदर तोंडाला लावला. दर्शनाच्या अंगाची लाही लाही झाली. ती तशीच वळसा घालून दुकानात शिरली.

रावजीशेठ डगमगला नाही. माल परत पाठवायची हमाली कोण देणार होतं, असं त्याने उलट विचारलं. चिमूटभर हळदीने कोण मरतंय, म्हणाला. मग गिऱ्हाइकं ऐकताहेत हे बघून आवाज खाली आणला. पिशवी इथेच ठेवा, चांगल्या कंपनीची नवी पाकिटं देतो, घरोघर वाटा, बोभाटा नको. दर्शनाने पिशवी घट्ट धरली. तेव्हा तो गोड हसला.

"ताई, वाटलीत तुम्ही. लोक नाव तुमचंच घेणार."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, आणि दिली असती तर बरं झालं असतं असं पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण हातातली पिशवी जास्त मोलाची होती. तिने रिक्षा थांबवली आणि थेट अन्न सुरक्षेचं कार्यालय गाठलं.

तिथला तरुण अधिकारी, ओमकार, भला होता. त्याने न फोडलेली पाकिटं मोजून सील केली आणि सगळं लिहून घेतलं. वाटण्याचा भाग थोडक्यात घालू, उगाच तुमच्यावर बालंट नको, असंही तो आपणहून म्हणाला. मग त्याने विचारलं, घरात गरोदर बाईला ही हळद कुणी दिली?

"मी," दर्शना म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. तिला नको असताना."

त्याने हळूच विचारलं, हे लिहायलाच हवं का?

"लिहा. माझं नाव वर घाला," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं असं लिहा. आणि त्याच्याखाली रावजीशेठचं नाव घालून लिहा, की ह्याला माहीत होतं."