ओला कापूस

"कापूस आधी ओला कर. कोरडा कापूस रक्ताला चिकटतो, उचललास की खपली घेऊनच येतो." दातांचं काम शिकवणाऱ्या बाईंचं हे वाक्य वीस वर्षं माझ्या हातात होतं. एकदाच सुटलं.

चिमणी आठ वर्षांची. दाढ नुकतीच आलेली, पण कीड आतल्या जिवंत गरापर्यंत पोचली होती आणि मूळ अजून नळीसारखं उघडं होतं. सुजलेला वरचा गर काढायचा, खालचा जगवायचा. तो जगला तरच मूळ वाढतं. नाहीतर दाढ जन्मभर पोकळ, कधी मोडेल नेम नाही.

"आमच्या दातांना असली कटकट नाही," तिचे आजोबा म्हणाले होते. "पेल्यात टाकले की पोहत बसतात."

"म्हणून तर सफरचंद किसून खाता!" चिमणीने सुनावलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डॉक्टरकाकू, दाढ मेली तर आधी मला सांगाल? आई गेली तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला सगळ्यात शेवटी."

"आधी तुला," मी म्हटलं होतं.

दाढेचं काम केलं त्या सकाळी माझा जप राहिला होता. वरचा गर काढून कापूस दाबून धरला आणि नेम मोडू नये म्हणून मनात देवाचं नाव घेत राहिले. पाच मिनिटं कशी गेली कळलं नाही. कापूस उचलला, तर खपली त्याच्याबरोबर. कोरडाच होता. रक्त पुन्हा आलं. ओल्या कापसाने पुन्हा दाबायचं, थांबायचं. पण चिमणीचे पाय थरथरत होते. मी झिरपत्या रक्तावरच औषध बसवलं, वर सिमेंट. देव सांभाळेल, म्हटलं. माझं काम मी देवाच्या गळ्यात घातलं.

आज सहा महिन्यांनी एक्स-रे पडद्यावर आहे. मूळ केसभरही वाढलेलं नाही. टोकाशी संसर्गाची काळी सावली. कोन बदलून पुन्हा काढला. सावली तिथेच.

"काय निघालं?" आजोबा दारात उभे. त्यांच्यामागे बाकावर चिमणी, गालाला हात लावून. "मलाच सांगा काय ते. पोरीला मी सांगेन नंतर, सवडीने."

ते किती सोपं होतं. मनात नाव घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

मी हात धुतले, पुसले.

"काका, तुम्ही जरा इथे खुर्चीत बसा," म्हटलं, आणि बाकाकडे निघाले.