बाराव्या खाचेतला ड्रॅगन

चिनी लोकांच्या बारा वर्षांच्या चक्रात दरवर्षी एक प्राणी असतो, आणि त्या त्या वर्षी त्याचं सोन्याचं नाणं निघतं. चष्मेवाल्याने पोटाला चिमटा काढून अकरा जमवली होती. ड्रॅगन तेवढा हुकला. त्या वर्षी दुकानात डोळे तपासायचं यंत्र घेतलं, आणि पुढे ड्रॅगनचा भाव असा चढला की नाव काढायची सोय उरली नाही. पेटीतली ती रिकामी खाच दिसली की त्याला जेवण गोड लागत नसे.

त्यात साडूला हाच नाद लागला. साडू फरशांचा व्यापारी. ससा कुठला नि उंदीर कुठला हे त्याला धड ओळखू येत नव्हतं, पण भाजी घ्यावी तशी नाणी घेत सुटला होता. चष्मेवाल्याचा नुसता जळफळाट व्हायचा. माणसाने खुशाल पैसा कमवावा, पण दुसऱ्याचं वेड तरी त्याच्यापाशी राहू द्यावं की नाही?

रविवारी साडू आला तो मिशीतल्या मिशीत हसतच. त्याने खिशातून प्लास्टिकची गोल डबी काढली. आत ड्रॅगन होता.

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "छान आहे," तो कसाबसा म्हणाला.

"लांबून काय बघता साडूभाऊ? हातात घ्या की!" साडूने डबी उघडलीसुद्धा. "मी तोवर ताईंना चहाचं सांगून येतो." आणि तो आत चष्मेवाल्याच्या बायकोकडे गेला.

असलं आरशासारखं नाणं फक्त कडेने धरायचं असतं. बोटाचा ठसा बसला की बसला, पुसायला जावं तर चरे उठतात. साडूला याचा गंधही नव्हता. चष्मेवाल्याने ड्रॅगनशेजारच्या चकचकीत भागावर अंगठा ठेवला आणि चांगला दाबला. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिवाला गार वाटलं.

साडू परत आला. "ठेवा आता तुमच्या पेटीत."

"म्हणजे?"

"अहो, तुमच्यासाठीच शोधून आणलंय! ताई म्हणाल्या, एकापायी तुमचा संच अडलाय. मला कुठलं कळतंय त्यातलं?" बोलता बोलता त्याने नाणं उजेडात तिरपं धरलं. "हे काय? ठसा कुणाचा हा? त्या विकणाऱ्याला सोडत नाही आता. आत्ताच जातो!"

"नको," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. त्याचे कान तापले होते. "राहू द्या. चालेल मला."

साडूने त्याचा खांदा थोपटला. "मन मोठं आहे हो तुमचं," तो म्हणाला, आणि चहा घेऊन आलेल्या ताईंनाही त्याने ते पुन्हा ऐकवलं.